धर्मयुद्धांचा अभ्यास : विषय निवडण्यापूर्वी



इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात प्रबंधाचा विषय ठरविण्याची वेळ आली की, एक प्रसंग हमखास घडतो. वाचनाची आवड असलेला एखादा हुशार विद्यार्थी मार्गदर्शकांपुढे कागद ठेवतो. त्यावर विषय लिहिलेला असतो - 'मध्ययुगीन धर्मयुद्धे : कारणे, स्वरूप आणि परिणाम'. मार्गदर्शक विचारतात, "यात प्रश्न कोणता?" विद्यार्थी गोंधळतो. प्रश्न त्याच्यापाशी नसतोच; उत्तर मात्र तयार असते. ते त्याने कधी वर्तमानपत्रात वाचलेले असते, कधी चित्रपटात पाहिलेले असते, तर कधी घरच्या चर्चेत ऐकलेले असते. एकाच्या मते क्रुसेड म्हणजे श्रद्धेच्या उन्मादाची दोनशे वर्षे. दुसऱ्याच्या मते ते आक्रमणाला उशिरा दिलेले प्रत्युत्तर. तिसऱ्याच्या मते नाव धर्माचे आणि काम लुटीचे. तिघांनाही प्रबंध लिहावयाचा असतो तो हे सिद्ध करण्यासाठी.

संशोधनाचा आरंभ येथेच चुकतो. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे, त्यावर ओजस्वी भाषण देता येईल, पत्रकही काढता येईल. संशोधन होणार नाही. क्रुसेडच्या बाबतीत तर ही परीक्षा अधिकच कठोर होते, कारण नऊशे वर्षे उलटल्यानंतरही त्या युद्धांचे नाव निघाले की माणसे शांत राहत नाहीत. १६ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या तोंडून दहशतवादाविरुद्धच्या लढ्यासंबंधी 'क्रुसेड' हा शब्द निघाला आणि त्याचे पडसाद युरोपपासून अरब जगापर्यंत उमटले. त्यापूर्वी १८९८ साली जर्मन सम्राट दुसरा विल्हेम दमास्कसला गेला आणि त्याने सलादिनच्या कबरीवर पुष्पचक्र वाहिले, तेव्हाही त्यामागे आजचे राजकारण होते, बाराव्या शतकाचा अभ्यास नव्हता. असा जिवंत, धगधगता विषय हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने निवडीच्या वेळीच अधिक सावध असले पाहिजे.

शब्दापाशीच पहिली ठेच

मराठीत या विषयावर लिहू पाहणाऱ्याला पहिली ठेच शीर्षकातच लागते. 'क्रुसेड'ला मराठीत सर्रास 'धर्मयुद्ध' म्हटले जाते आणि 'जिहाद'लाही तोच शब्द लावला जातो. परंतु भारतीय परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे धर्माच्या नियमांनी लढले जाणारे युद्ध. शस्त्र टाकलेल्यावर, पळणाऱ्यावर, शरण आलेल्यावर प्रहार करू नये. रथीने रथीशी व पायदळाने पायदळाशी लढावे, असे संकेत महाभारतात भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी मान्य केले आहेत. ते पुढे मोडले गेले, ही महाभारताची शोकांतिका होय. या अर्थाने धर्मयुद्धाचा विरुद्धार्थी शब्द आहे कूटयुद्ध. युद्ध कोणत्या उपासनापंथासाठी लढले जाते, याच्याशी त्या संज्ञेचा संबंध नाही.

क्रुसेडची कल्पना निराळी आहे. तेथे पोपचे आवाहन असते, यात्रेकरूने घेतलेली शपथ असते, वस्त्रावर शिवलेला क्रूस असतो, पापांच्या प्रायश्चित्तातून सूट मिळण्याचे आश्वासन असते आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला व मालमत्तेला चर्चचे संरक्षण असते. गंमत अशी की, १०९६ साली निघालेल्या लोकांपाशी आपल्या मोहिमेसाठी 'क्रुसेड' हा शब्दच नव्हता. ते स्वतःला यात्रेकरू म्हणवीत आणि मोहिमेला 'यात्रा' किंवा 'वाट' म्हणत. दुसऱ्या बाजूला अरब इतिहासकारांनी या लोकांना 'फ्रंज', म्हणजे फ्रँक, असे म्हटले. 'क्रूसवाल्यांची युद्धे' या अर्थाचा अरबी शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकात युरोपीय ग्रंथांच्या प्रभावाने रूढ झाला आणि या युद्धांवर स्वतंत्र अरबी ग्रंथ इजिप्तच्या सय्यद अली अल्-हरीरी यांनी लिहिला तो १८९९ साली. जिहादची संकल्पना तर या दोहोंपेक्षा वेगळी असून तिचे शास्त्रकार वेगळे, ग्रंथपरंपरा वेगळी आणि इतिहासही वेगळा आहे. तीन भिन्न गोष्टींना एकच नाव दिले की, तुलना करण्यापूर्वीच निष्कर्ष निघालेला असतो. 'धर्मयुद्ध' हा शब्द टाळणे अशक्य असेल तर निदान पहिल्याच प्रकरणात त्याचा अर्थ बांधून घ्यावा.

व्याख्येचा हा प्रश्न केवळ मराठीपुरता नाही. क्रुसेड म्हणजे जेरुसलेमकडे गेलेल्या मोहिमाच, असे इतिहासकारांचा एक वर्ग मानतो. त्या हिशेबाने कथा १०९५ साली क्लेरमाँ येथे सुरू होते आणि १८ मे १२९१ रोजी अक्का शहर पडले तेव्हा मुख्यतः संपते. जोनाथन रायली-स्मिथ यांनी १९७७ साली निराळी भूमिका मांडली : पोपच्या अधिकाराने, शपथ व प्रायश्चित्ताची सूट यांसह झालेली प्रत्येक मोहीम क्रुसेडच, मग ती कोठेही झालेली असो. ही व्याख्या स्वीकारली की स्पेनमधील युद्धे येतात, ११४७ साली बाल्टिक किनाऱ्यावरील वेंड लोकांवर झालेली स्वारी येते आणि १२०९ ते १२२९ या काळात दक्षिण फ्रान्समध्ये ख्रिस्ती पाखंडी मानल्या गेलेल्यांविरुद्ध लढले गेलेले युद्धही येते. 'दोन धर्मांचा संघर्ष' हे सूत्र घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याला मग थांबून विचार करावा लागतो. व्याख्या बदलली की पुरावा बदलतो.

एक भाषण, चार वृत्तान्त

लहान प्रश्न मोठे काम करतो, याचे उदाहरण या अभ्यासशाखेच्या जन्मातच आहे. शतकानुशतके युरोपात अशी समजूत होती की, पीटर नावाचा एक बैरागी जेरुसलेमची यात्रा करून आला, तेथील ख्रिस्ती लोकांची दैना त्याने पोपला सांगितली आणि त्यातून पहिले क्रुसेड उभे राहिले. टायरचा आर्चबिशप विल्यम याच्या थोर ग्रंथात ही कथा होती. मग शंका कोण घेणार? जर्मन इतिहासकार रांके यांचे शिष्य हाइनरिख फॉन सिबेल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधा प्रश्न विचारला : विल्यमने लिहिले ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मग पहिल्या मोहिमेची हकीकत त्याला कोठून मिळाली? त्याने ती आखेनच्या आल्बर्टसारख्या आधीच्या लेखकांकडून घेतली होती आणि आल्बर्ट स्वतः पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता. कोणी कोणाचे पाहून लिहिले एवढाच प्रश्न होता; परंतु त्यातून क्रुसेडच्या आधुनिक, चिकित्सक अभ्यासाचा पाया घातला गेला. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढून अस्सल कागदांचा आग्रह धरला. त्या परंपरेत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला या पद्धतीची ओळख निराळी करून द्यावयास नको.

हीच पद्धत पोप दुसरा अर्बन याच्या भाषणाला लावून पाहावी. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी क्लेरमाँ येथे त्याने केलेले भाषण जगाच्या इतिहासातील अत्यंत परिणामकारक भाषणांत मोडते. परंतु त्याची शब्दशः नोंद कोणापाशीही नाही. शार्त्रचा फुल्शर, रॉबर्ट हा मठवासी, डोलचा बाल्ड्रिक आणि नोजांचा गिबेर या चौघांनी ते भाषण दिले आहे. चौघांनीही ते लिहिले जेरुसलेम जिंकले गेल्यानंतर, म्हणजे यश पदरात पडल्यावर. फुल्शरच्या वृत्तान्तातील पोप पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांच्या मदतीचे आवाहन करतो, जेरुसलेमचे नावही काढत नाही. रॉबर्टच्या वृत्तान्तात जेरुसलेम हा भाषणाचा प्राणच आहे. अर्बनने फ्लँडर्सच्या व बोलोन्याच्या लोकांना पाठविलेली पत्रे मात्र उपलब्ध आहेत आणि ती १०९५-९६ मधील, म्हणजे विजयापूर्वीची आहेत. पत्रांतील पोप व वृत्तान्तांतील पोप यांच्यात काय फरक आहे, हा एका पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल असा विषय आहे. साधने मोजकी आहेत, त्यांची इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत आणि उत्तर आधी ठाऊक नाही.

जेरुसलेमचा आकडा

विषय निवडणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागते ती १५ जुलै १०९९ या दिवसापाशी. त्या दिवशी जेरुसलेम पडले आणि शहरात भीषण कत्तल झाली, याविषयी कोणत्याही गंभीर इतिहासकाराला शंका नाही. वाद आहे तो आकड्याचा. सुमारे एका शतकाने लिहिणारा इब्न अल्-असीर अल्-अक्सा मशिदीतील मृतांचा आकडा ७०,००० देतो. शार्त्रचा फुल्शर त्याच परिसरातील मृत सुमारे १०,००० सांगतो. त्या काळात पूर्वेकडे प्रवास करीत असलेला व काही वर्षे जेरुसलेममध्ये राहून गेलेला अंदलुसियाचा विद्वान इब्न अल्-अरबी ३,००० ही संख्या देतो. मोहिमेबरोबर असलेला आगिलेचा रेमंड घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त पोचल्याचे लिहितो. परंतु ते शब्द बायबलमधील शेवटच्या ग्रंथाच्या वर्णनाशी जुळतात. रेमंड दृश्य सांगत होता की भविष्यवाणी पूर्ण झाल्याचे सुचवीत होता, हे तपासावे लागते.

येथे दोन मोह विद्यार्थ्याची वाट पाहत असतात. ज्याला क्रौर्य दाखवायचे आहे तो ७०,००० उचलतो आणि पुढे जातो. ज्याला ते झाकायचे आहे तो ३,००० उचलतो आणि 'अतिशयोक्ती उघड झाली' असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो. दोघेही चुकतात. तीन हजार माणसे प्रार्थनास्थळात मारली जाणे हे लहान पातक नव्हे. आणि मोठा आकडा लिहिल्याने मृतांना अधिक न्याय मिळतो असेही नाही. इतिहासकाराला प्रत्येक आकड्याला विचारावे लागते - तू कधी जन्मलास, कोणाच्या लेखणीतून आणि कोणासाठी?

याच घटनेविषयी कैरोच्या जुन्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या कोठीतून, म्हणजे 'गनिझा'तून, निघालेले एक पत्र अंतःकरण हलविणारे आहे. एस. डी. गॉइटाइन यांनी ते प्रकाशात आणले. ११०० सालच्या सुमारास अस्कलानच्या कराईत ज्यू समाजातील वडीलधाऱ्यांनी ते अलेक्झांड्रियाला पाठविले. जेरुसलेमच्या बंदिवानांना व लुटल्या गेलेल्या धर्मग्रंथांना पैसे भरून सोडवून आणण्याची खटपट चालू आहे, कर्ज झाले आहे, सुटून आलेल्यांत रोगराईने माणसे मरत आहेत, आणखी साहाय्य हवे, असा त्याचा आशय आहे. म्हणजेच कत्तल झाली, परंतु सर्वच मारले गेले नाहीत. काहींना खंडणीसाठी जिवंत ठेवले होते. त्याच पत्रात हे लोक शत्रूविषयी अशीही नोंद करतात की, इतरांप्रमाणे त्यांनी स्त्रियांची अब्रू लुटल्याचे कानावर आलेले नाही. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांनी शोकाच्या क्षणीही ऐकले तेवढेच लिहिले, अधिक लिहिले नाही. सुरक्षित ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिणाऱ्याने याहून कमी प्रामाणिक असून कसे चालेल?

जेरुसलेमच्या आधी तीन वर्षे, १०९६ च्या मे महिन्यात, ऱ्हाईन नदीकाठच्या स्पायर, वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यू वस्त्यांवर क्रूसधारी टोळ्यांनी केलेले हल्ले हाही असाच विषय. हिब्रू वृत्तान्त व लॅटिन वृत्तान्त समोरासमोर ठेवून तो अभ्यासता येतो. स्पायरच्या बिशपने ज्यूंना आश्रय दिला आणि तेथे अकरा जण मारले गेले. वर्म्स व माइन्झ येथे बिशपांच्या वाड्यांतील आसरा टिकला नाही आणि मोठा संहार झाला. एकाच महिन्यात, एकाच नदीच्या काठी, एकाच चर्चच्या अधिकाऱ्यांच्या छत्राखाली तीन शहरांत तीन निराळ्या गोष्टी का घडल्या? हा प्रश्न 'चर्च दोषी की निर्दोष' या प्रश्नापेक्षा कितीतरी अधिक शिकवून जातो.

दानपत्रे काय सांगतात?

'क्रुसेडला गेले ते जमिनीला मुकलेले धाकटे मुलगे' हा सिद्धान्त अनेक क्रमिक पुस्तकांतून भेटतो. तो ऐकावयास तर्कशुद्ध वाटतो. परंतु रायली-स्मिथ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या 'द फर्स्ट क्रुसेडर्स' या ग्रंथात तो तपासला, आणि त्यासाठी इतिवृत्तांपेक्षा मठांच्या दप्तरातील दानपत्रे व गहाणखते वाचली. माँमेर्लचा आशार नावाचा सरदार १०९६ च्या एप्रिलमध्ये क्लूनीच्या मठाकडे आपली जमीन गहाण ठेवतो. बदल्यात २,००० नाणी आणि चार खेचरे घेतो. आपण परत आलो नाही तर जमीन मठाची, असे त्यात नमूद आहे. तो परतला नाही. १०९९ साली जेरुसलेम पडण्याच्या काही दिवस आधीच याफाच्या वाटेवर तो मारला गेला. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने १०,००० मार्कांसाठी आपली सारी डचीच भावाकडे गहाण ठेवली. यात्रा हा मिळकतीचा नव्हे, कर्जाचा मार्ग होता. विजयानंतर बहुसंख्य लोक मायदेशी परतले. जेरुसलेमच्या परिसरात त्यानंतर जेमतेम तीनशे सरदार उरले होते, असे फुल्शर लिहितो.

म्हणून केवळ श्रद्धाच खरी, लोभ खोटा, असे म्हणावे काय? तेही नाही. दानपत्रे लिहिणारे मठवासी होते. यजमानाची भक्ती शब्दबद्ध करणे हा त्यांच्या लेखनाचा साचाच होता. सरदाराच्या मनातील लोभ गहाणखतात कोण लिहील? साधन जेथे बोलते तेथे ऐकावे आणि जेथे ते गप्प असते तेथे आपले बोल त्याच्या तोंडी घालू नयेत. शिवाय पुढच्या शतकात पैशाचे गणित कसे बिघडले, हे १२०१ च्या व्हेनिस करारात दिसते. ३३,५०० माणसे व ४,५०० घोडे वाहून नेण्यासाठी ८५,००० मार्क ठरले. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांशच माणसे जमली आणि सुमारे ३४,००० मार्कांची तूट राहिली. त्या ऋणाच्या ओझ्याने ती मोहीम १२०२ साली झारा या ख्रिस्ती शहरावर आणि १२०४ साली थेट कॉन्स्टँटिनोपलवर जाऊन आदळली. या कराराचाच एक प्रबंध होऊ शकतो.

आपलेच प्रतिबिंब

विषय निवडणाऱ्याला आणखी एक धोका ओळखावा लागतो. प्रत्येक पिढीने क्रुसेडच्या आरशात स्वतःचा चेहरा पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या पूर्वार्धात फ्रेंच अभ्यासकांना लॅटिन राज्यांत फ्रँक व स्थानिक लोकांचा सलोख्याचा, मिश्र समाज दिसला. तो काळ फ्रेंच साम्राज्याचा होता आणि पहिल्या महायुद्धानंतर तर सीरियावर फ्रान्सचाच अंमल आला. इस्रायली इतिहासकार जोशुआ प्रावर यांनी १९७२ च्या ग्रंथात नेमके उलट चित्र रेखाटले : तटबंदीच्या शहरांत राहणारे, स्थानिकांपासून तुटलेले, वसाहतवादी फ्रँक. साम्राज्यांच्या अस्तानंतरच्या जगाला हे चित्र पटले.

मग रॉनी एलेनब्लूम यांनी पायपीट केली. गावोगावचे अवशेष, शेतघरे, रस्ते व चर्च यांची पाहणी करून त्यांनी १९९८ च्या ग्रंथात दाखवून दिले की, फ्रँकांची ग्रामीण वस्तीही मोठी होती आणि ती मुख्यतः जेथे पूर्वीपासून स्थानिक ख्रिस्ती राहत होते त्या भागात होती. सर्वत्र सलोखा नव्हता, सर्वत्र भिंतही नव्हती. प्रदेशागणिक चित्र बदलत होते. दोन पिढ्यांचा वाद ग्रंथांत मिटला नाही, तो जमिनीवर जाऊन पुढे सरकला.

अरबी साधनांनाही हीच सावधगिरी लावावी. ११८४ साली टायर-अक्काच्या वाटेवरून जाणारा अंदलुसी यात्रेकरू इब्न जुबैर लिहितो की, तिब्नीनच्या परिसरातील मुसलमान शेतकरी फ्रँकांच्या अमलाखाली अर्धे पीक व माणशी एक दिनार आणि पाच किरात इतका कर देऊन बऱ्या स्थितीत आहेत. आणि त्याला याचे दुःख होते, कारण स्वधर्मीय जमीनदारांच्या तुलनेत ही वागणूक बरी दिसून लोकांची मने डळमळतात. परंतु तो घाईने जाणारा प्रवासी होता, हेही विसरू नये. शैझरचा उमराव उसामा इब्न मुन्किध आपल्या आठवणीत सांगतो की, जेरुसलेममध्ये टेम्पलर मित्रांनी त्याला नमाजासाठी जागा करून दिली आणि नव्याने आलेल्या एका फ्रँकाने त्याला धरून पूर्वेकडे तोंड करावयास लावले, तेव्हा त्याच मित्रांनी त्या माणसाला दूर केले. हा प्रसंग सलोख्याच्या बाजूने नेहमी उद्धृत होतो. मात्र त्याच उसामाच्या लेखणीला फ्रँकांचा शिव्याशाप नित्याचा होता आणि वाचकाचे रंजन व उद्बोधन हा त्या ग्रंथाचा हेतू होता. उलट बाजूस, दमास्कसच्या अस्-सुलमी याने ११०५ सालीच सिसिली, स्पेन व सीरिया यांवरील आक्रमणे एकाच लाटेचा भाग असल्याचे सांगून जिहादचे आवाहन केले होते. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. का दिले नाही, हा पुन्हा एक विषय!

आणि १२२९ चा याफाचा तह? चर्चने बहिष्कृत केलेल्या सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सुलतान अल्-कामिलशी वाटाघाटी करून, लढाई न करता, दहा वर्षांसाठी जेरुसलेम मिळविले. हरम परिसर मुसलमानांकडेच राहिला. या तहावर दोन्हीकडचे धर्मनिष्ठ संतापले. जेरुसलेमच्या लॅटिन धर्माध्यक्षाने शहरातील उपासनाच बंद ठेवण्याचा आदेश दिला आणि दमास्कसच्या मशिदीत सिब्त इब्न अल्-जौझी याने शोकप्रवचन केले. 'दोन संस्कृतींचा अटळ संघर्ष' आणि 'दोन संस्कृतींचा सुंदर संवाद' ही दोन्ही सूत्रे या एका तहापुढे अपुरी पडतात.

ठाण्यापर्यंत येणारा धागा

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या मनात साहजिकच येते की, हा सारा दूरदेशीचा इतिहास. येथे बसून त्यात नवे काय करता येईल? त्याचे उत्तर ठाण्याच्या खाडीपाशी मिळते. अक्का पडल्यानंतर जेरुसलेम परत कसे मिळवावे याच्या योजना युरोपात लिहिल्या जाऊ लागल्या. गियोम आदाम या डोमिनिकन धर्मोपदेशकाने १३१७ च्या सुमारास अशीच एक योजना लिहिली. तो स्वतः भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन गेला होता. इजिप्तच्या सुलतानाची संपत्ती भारतातून एडनमार्गे जाणाऱ्या मसाल्यांवर व मालावर उभी आहे. तेव्हा एडनच्या समुद्रात गलबते ठेवून तो मार्गच तोडावा, असा त्याचा हिशेब होता. त्याच्या योजनेत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांबरोबर ठाण्याचेही नाव येते. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचे दफन सोपाऱ्याला करणारा जॉर्डानस हा धर्मोपदेशक १३२४ च्या जानेवारीत ठाण्याहून लिहिलेल्या पत्रात या समुद्रात पोपची जहाजे असावीत, म्हणजे इजिप्तच्या सुलतानाला धक्का बसेल, असे सुचवितो. व्हेनिसच्या मरीनो सानुदो याने १३२१ साली पोपला सादर केलेल्या ग्रंथातही हीच नाकेबंदीची कल्पना विस्ताराने येते.

गियोम आदामचा ग्रंथ जाइल्स कॉन्स्टेबल यांनी २०१२ साली इंग्रजी भाषांतरासह संपादित केला आहे. जॉर्डानसच्या प्रवासवर्णनाचे हेन्री यूल यांनी केलेले भाषांतर १८६३ पासून उपलब्ध आहे. त्याच शतकातील कोकणचे शिलालेख, नाणी व अरबी-फारसी भूगोलग्रंथ त्यांच्या जोडीला ठेवता येतील. युरोपातील विद्यार्थ्याला जे सहज साधणार नाही, ते येथील विद्यार्थ्याला साधू शकते. अर्थात येथेही धागा ताणून दोरखंड करू नये. ही जहाजे कधी आली नाहीत. योजना कागदावरच राहिल्या. दोन शतकांनी आलेले पोर्तुगीज या योजनेचीच पूर्तता होते, असे म्हणण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा लागेल.

चार कसोट्या

या सर्व विवेचनातून विषय पारखण्याच्या चार कसोट्या हाती येतात.

पहिली, विषयाचे वाक्य प्रश्नचिन्हाने संपते काय? 'क्रुसेडचे स्वरूप' हा विषय नव्हे. 'स्पायरचे ज्यू वाचले आणि माइन्झचे का वाचले नाहीत?' हा विषय होय.

दुसरी, साधने हाताशी आहेत काय, आणि ती कोणत्या भाषेत आहेत? भाषांतरांवर पदव्युत्तर प्रबंध होऊ शकतो. परंतु विद्यावाचस्पती पदवीसाठी लॅटिन, अरबी, ग्रीक किंवा हिब्रू यांपैकी निदान एक भाषा शिकण्याची तयारी हवी. दोन वर्षे भाषेला देण्याची ज्याची इच्छा नाही, त्याने हे क्षेत्र निवडू नये.

तिसरी, दोन्ही बाजूंची, किंबहुना चारही बाजूंची साधने तपासली जाणार आहेत काय? लॅटिन, अरबी, ग्रीक, हिब्रू, आर्मेनियन व सिरियाक अशा सहा परंपरांत विखुरलेला हा इतिहास आहे. सगळ्या एकट्याला येणार नाहीत. परंतु ज्या वाचल्या नाहीत, त्यांच्याविषयी निर्णय देऊ नये.

चौथी आणि सर्वांत कठीण : हा विषय संशोधकाला खोटे ठरवू शकतो काय? असा कोणता पुरावा सापडला तर आपले मत सोडावे लागेल, हे विद्यार्थ्याने आरंभीच एका कागदावर लिहून ठेवावे. तसा कोणताच पुरावा त्याला सुचत नसेल, तर त्याला इतिहासाची गरज नाही. साक्षीदार म्हणून इतिहासाला बोलावण्याचीच गरज आहे.

ज्या समाजाला आपल्या भूतकाळाविषयी जिव्हाळा असतो, त्याच्यावर दुसऱ्यांच्या भूतकाळाकडे न्यायबुद्धीने पाहण्याची जबाबदारी अधिक असते. परक्यांच्या इतिहासात सोयीचे तेवढे वेचणारी सवय स्वतःच्या इतिहासात शिरावयास वेळ लागत नाही. अस्कलानच्या त्या वडीलधाऱ्या मंडळींनी दुःखाच्या भरातही शत्रूविषयी जे ऐकले नव्हते, ते लिहिले नाही. त्यांच्या पत्राचा तो कागद सुमारे आठशे वर्षे एका कोठीत पडून राहिला आणि अखेर त्याच्यावर विश्वास ठेवता आला, तो त्याच कारणामुळे.

आरंभीच्या विद्यार्थ्याने आपला कागद परत न्यावा, 'कारणे, स्वरूप आणि परिणाम' हे तीन शब्द खोडावेत आणि त्यांच्या जागी एक शहर, एक वर्ष व एक प्रश्न लिहून आणावा. मार्गदर्शक तो कागद स्वीकारतील. आणि प्रबंध पूर्ण होईल तेव्हा त्या विद्यार्थ्यापाशी असे काही असेल, जे आरंभी त्याच्यापाशी नव्हते.